बोटभर फट

सरांची मी नक्कल केली, तीही त्यांच्याच निरोप समारंभात. अख्खी स्टाफरूम हसली. सरही हसले, आणि हसता हसता त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. ते मला दिसलं होतं, तरी मी थांबलो नाही.

आमच्या कॉलेजात सर भौतिकशास्त्र शिकवायचे, मी रसायन. त्यांची एक लकब होती. डावा तळवा आडवा, स्थिर धरायचे. "हे गुरुत्वाकर्षण. अवकाश वाकतंय, पण कसं, दुधावरच्या सायीसारखं, सलग." मग उजव्या हाताची बोटं थरथरवायचे. "हे क्वांटम. लई बारीक जग. तिथं काहीच थाऱ्यावर न्हाय." दोन्ही हात जवळ आणून बोटभर अंतरावर थांबायचे. "दोन्हीबी खरं हाय, पण एकात एक बसत न्हाय. ह्या फटीत काय हाय, सांग मर्दा."

"सर, आधी पोर्शन संपवा," आम्ही सहकारी म्हणायचो.

"पोर्शन संपतोय रे. फट संपत न्हाय."

संध्याकाळी आम्ही दोघं रंकाळ्यावर जायचो. "लांबनं बघ, पाणी काचेसारखं. वाकून बघ, नुसती हालचाल. तळं एकच की." त्यांचा आवाज खाली यायचा, पलीकडचा काठ विरत जायचा. तुम्ही तिथे असतात, तर तुम्हालाही क्षणभर पायाखाली जमीन आहे की पाणी, कळलं नसतं.

निवृत्तीच्या सुमारास चहाचा कप धरतानाही त्यांचा हात थरथरू लागला. सर क्वांटममधून बाहेरच येत नाहीत, असं आम्ही म्हणायचो. समारंभात मी नेमका तो कपच हलवून दाखवला. तो कंपवात होता, हे मला नंतर त्यांच्या पत्नीकडून, वहिनींकडून कळलं. मग मी रंकाळ्याची वाटच सोडली.

वर्षभराने गेलो. सर नेहमीच्या कट्ट्यावर होते, हात मांडीखाली दाबलेले.

"ये मर्दा. चहा न्हाय पाजत, अंगावर सांडंल."

मी त्या फटीचंच विचारलं.

"आता कसं दाखवू? डावाबी गेला. दोन्ही हात क्वांटमच झाले की."

मी माझा तळवा त्यांच्यासमोर आडवा धरला. मग त्यांनी उजवा हात बाहेर काढला आणि थरथरत माझ्या हाताजवळ आणला. माझाच तळवा हलू लागला.

"हलवू नगं. गुरुत्वाकर्षण हाय ते."

"सर, त्या दिवशी तो कप हलवला, ते माझं चुकलं."