बी मोझाची परतीची वाट

आमच्या झांझिबारच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की बायका भाले घेऊन खडकांत ऑक्टोपस मारायला जातात. बी मोझा, माझी आत्या, आमची म्होरकी. साठी उलटली तरी नजर घारीची. पोहता मात्र येत नाही. आम्हा कुणालाच येत नाही.

परवा तिच्या तळव्यात काटा मोडला. माझ्या खांद्यावर भार टाकून लंगडत किनारा गाठेपर्यंत भरती घोट्याशी आली. जवळची वाट म्हणजे नव्या हॉटेलच्या पायऱ्या; दुसरी खडकांच्या टोकाला वळसा घालून, पाण्यातून. फाटकावर पहाऱ्याला मकामे, आमच्या शेजारच्या सलमाचा मुलगा. रोज सकाळी वाकून आत्याला ‘शिकामू’ म्हणणारा. धाकट्याने ते म्हणायचं, थोरल्याने ‘मरहबा’ म्हणायचं. ना त्याला टाळता येतं, ना हिला. त्या दिवशी मेल्याने तोंडच उघडलं नाही. सलाम केला तर अडवणार कसा?

“मकामे, फाटक उघड रे बाळा. पाय बघ माझा.”

“वळसा घालून जा,” तो भिंतीकडे बघत पुटपुटला. “वर कॅमेरा आहे. गावातलं कुणी आत दिसलं की माझी नोकरी गेली.”

“अरे, टोकाशी पाणी भरलं असेल! बुडून मरेल ती!” मी ओरडले.

तेवढ्यात मागून एक गोरं जोडपं आलं. पलीकडच्या हॉटेलातलं, आम्ही रोज बघतो त्यांना. पण फाटक लगेच उघडलं. “या मॅडम, जपून, पायरी निसरडी आहे.” आणि पुन्हा कडी.

वळसा घालायला निघालो, तर टोकाशी पाणी छातीला लागलं. आत्याची बोटं माझ्या दंडात रुतली होती. माझे पाय तळावरून सुटत होते. मेलो आता, एवढंच डोक्यात. भाला गेला, सकाळची सगळी शिकार गेली. खडकाला धरून धरून कशा बाहेर आलो, अल्लालाच ठाऊक. अजून डोळे मिटले की ते पाणी नाकाशी येतं.

दुसऱ्या सकाळी मकामे आमच्या दारात. “शिकामू, बी मोझा.”

आत्या पाय शेकत राहिली. ‘मरहबा’ म्हणाली नाही. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

“शिकामू,” तो पुन्हा म्हणाला.

आत्याने मान वर केली. “मला आता खडकांत जाता यायचं नाही. माझ्या जागी उद्या तुझी आई जातेय. भरतीत सापडली तर तिला कुठल्या वाटेनं आणायची, ते या पोरीला सांगून ठेव.”

मकामे उंबऱ्यातच खाली बसला.