समोरचीचा हात

खेळाडूला केंद्रस्थानी ठेवा, असं प्रशिक्षकांच्या एका शिबिरात आम्हाला सांगितलं तेव्हा मी ते लिहून घेतलं आणि घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. माझा स्वभावच तसा. काम कळलं की मला त्याचे टप्पे पाडल्याशिवाय चैन पडत नाही. मी मुलींना तलवारबाजी शिकवते, वीसेक वर्षं झाली, आणि तोवर आमच्या हॉलमध्ये केंद्रस्थानी माझं वेळापत्रक होतं.

तेव्हाची माझी सर्वांत चांगली खेळाडू पिशोर गावची मुलगी. त्या सकाळी ती बुटाची नाडी बांधत बसली होती. मी जाऊन विचारलं, "आज तुला काय करावंसं वाटतंय?"

तिनं मान वर केली. "मॅडम, तब्येत बरी हाय ना तुमची?"

"बरी आहे. तू सांग."

"मग मला अजून तासभर झोपावं वाटतंय."

बाकीच्या मुली हसल्या. मी मात्र ते मनावर घेतलं. ती पडेगावला खोली घेऊन राहायची आणि सकाळच्या सरावासाठी अंधारात उठून दोन रिक्षा बदलत यायची. मी तिचा सराव संध्याकाळवर नेला. त्यानं माझ्या घरचा सगळा क्रम बिघडला, कारण आमच्याकडे नळाला पाणी येतं ते नेमकं संध्याकाळी, आणि कोणत्या दिवशी ते नळच ठरवतो. टाकी आणि ड्रम भरायचं काम नवऱ्याकडे गेलं. ते त्यानं बिनतक्रार घेतलं आणि मी परत मागितलं नाही. पंधरा दिवसांत तिच्या पायात जी चपळाई आली, ती मी सहा महिने दोरीवरच्या उड्या मारायला लावून आणू शकले नव्हते.

मग मी विचारतच सुटले. तलवारीची मूठ बदलू का, आधी काय शिकूया, हरल्यावर बोलायचं की गप्प राहायचं? ती कंटाळली तरी उत्तरं देई. एकदा तिनं न विचारताच सांगितलं. आमच्या सामन्यात दोन भागांच्या मधे एक मिनिट थांबतात, तेवढ्यात प्रशिक्षकाला खेळाडूजवळ जाता येतं. त्या मिनिटाबद्दल ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही चार गोष्टी सांगता. मला पहिली आन् शेवटची आठवते. मधल्या दोन तुमच्याकडंच राहतात."

"मग काय करू?"

"पाणी द्या. मला काय लागलं तर मीच इचारते."

तेव्हापासून त्या मिनिटात मी पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन जाते आणि तोंड बंद ठेवते. पहिल्या काही सामन्यांत जीभ चावून धरावी लागली. पण बोलणं थांबलं तसं बघणं वाढलं. तिची मागची टाच जमिनीवरून उचलली की ती घाई करणार, खांदा वर गेला की ती घाबरलीय, हे मला आता दुरून कळायचं. मला त्याचा अभिमान होता. तिच्या आईलाही मी फोनवर सांगायची की तुमची मुलगी मला पाठ झालीय. आई म्हणायची, "मंग आम्हाला बी शिकवा, आम्हाला तर समजंना ती."

त्या वर्षी भारतीय संघाच्या शिबिरासाठी निवड चाचणी आमच्याच हॉलवर होती. याआधी दोनदा ती शेवटच्या सामन्यात अडकली होती. पडेगावच्या एका शाळेनं तिला क्रीडाशिक्षिकेची नोकरी देऊ केली होती आणि उत्तराची वाट बघत होती. छावणी भागातल्या बाजारात आम्ही केळी घेत होतो तेव्हा तिनं मला ठरलेलं सांगून टाकलं.

"या टायमाला नाय झालं तर शाळेत जाईन."

"घरून कुणी म्हणालं का?"

"नाय. मीच म्हणते. रडतबिडत नाय जायची. पोरं आवडतात मला." मग केळीवाल्याला म्हणाली, "चाचा, वो काली वाली मत डालो."

मी वाद घातला नाही. निर्णय तिचा होता. पण ती शिबिरात जावी असं मला फार वाटत होतं, आणि तिलाही. नाहीतर चाचणीच्या आठवड्यात तिनं मला तीन वेगवेगळ्या वेळी 'रडत नाय जायची' हेच सांगितलं नसतं.

चाचणीत ती पुन्हा शेवटच्या सामन्यापर्यंत आली. जिंकली तर शिबिर, हरली तर शाळा. समोर एक उंच डावखुरी मुलगी होती, हात लांब, चेहऱ्यावर काही दिसू न देणारी. आमच्या प्रकारात अंगावर कुठेही टोक लागलं तरी गुण मिळतो, त्यामुळे लांब हाताचा फायदा मोठा. तीनपैकी दोन भाग झाले तेव्हा माझी मुलगी एका गुणानं मागे होती. मी बाटली घेऊन गेले. तिनं मास्क काढला, दोन घोट घेतले आणि विचारलं, "झेप घ्यायच्या आधी हिचा हात खाली येतो का?"

मला तिची टाच माहीत होती, खांदा माहीत होता, दुसऱ्या भागात ती दोनदा श्वास धरून राहिली तेही माहीत होतं.

"मॅडम, येतो का खाली? मला वाटतं येतो. जाळीतनं नीट दिसंना."

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी तुझ्याकडं बघत होते."

"सगळा टाइम?"

"हो."

तिनं टॉवेलनं तोंड पुसलं. टॉवेलमागून हसली असावी, खांदे हलले. "मी कशी खेळते ते मला ठावं हाय. ती कशी खेळते ते सांगायला कुणी तरी नको व्हय?" मग लगेच कामाचं बोलली. "आता मी मागं सरकून तिला झेपा घ्यायला लावते. गुण गेला तर जाऊ द्या. तुम्ही तिचा हात बघा, माझ्याकडं बिलकुल नाय. खाली येत असला तर उठून उभ्या राहा."

"आणि नसला तर?"

"तर बसा आरामशीर."

इतक्या वर्षांत कुणी मला इतकं नेमकं काम दिलं नव्हतं.

मी खुर्चीत बसले आणि त्या अनोळखी मुलीच्या डाव्या मनगटावर नजर ठेवली. हे किती अवघड जातं ते मला तेव्हा कळलं. डोळे सारखे आपल्या मुलीकडे ओढ घेतात. पहिली झेप आली, गुण नोंदवणाऱ्या यंत्राचा दिवा लागला, गुण समोरचीला. हात खाली आला होता का? आल्यासारखा वाटला, पण खात्री नव्हती. मी बसून राहिले. माझी मुलगी आता दोन गुणांनी मागे होती, आणि ती मागे पडतेय ती माझ्यासाठी, हे मला खुर्चीत टोचत होतं. दुसरी झेप आली. या वेळी नीट दिसलं. पुढचा पाय उचलायच्या आधी मनगट तळहाताएवढं खाली उतरलं आणि मग वर गेलं. दिवा लागला नाही, माझ्या मुलीनं ती झेप अडवली होती. मी उठून उभी राहिले. गुडघा कटकन वाजला.

नंतरचा गुण तिनं वरून मनगटावर टोक ठेवून घेतला. त्यानंतरचा तसाच. बरोबरी झाली. समोरचीनं हात आवरला तेव्हा हिनं पाय गाठला. वेळ संपता संपता पुन्हा तो हात उतरला आणि पुन्हा दिवा लागला. यंत्रावरचा आकडा बघितल्यावर मला कळलं की आपण जिंकलोय. मी अजून त्या दुसऱ्या मुलीकडेच बघत होते. तिनं मास्क काढला, डोळे भरले होते, तरी हात पुढे करून तिनं माझ्या मुलीचा हात हातात घेतला. तिचंही कुणी तरी तिथं कडेला बसलेलं होतं.

शाळेला नकार कळवायला ती स्वतः गेली. मुख्याध्यापिकेनं चहा पाजला म्हणे.

आता ती शिबिरात आहे, दुसऱ्या शहरात. तिथले प्रशिक्षक चांगले आहेत आणि मी त्यांच्या कामात लुडबुड करत नाही. पण संध्याकाळी तिचे व्हिडिओ येतात, तिचे स्वतःचे नाहीत, परदेशी मुलींचे. सोबत एक ओळ: हिचा मागचा पाय बघा, ही डावीकडं कधी सरकते ते बघा. मी चष्मा लावून बघते, पुन्हा बघते, आणि जेवढं दिसलं तेवढंच कळवते. दिसलं नाही तर तसंही लिहिते.

परवा एका व्हिडिओवर मी लिहिलं, मधल्या मिनिटात मास्क काढते तेव्हा बघ, दमली की ही पोरगी आधी ओठ चावते. तिचा लगेच फोन आला. "मॅडम, मास्कमधनं ओठ कुठं दिसतेत मला? हाताचं सांगा."

मी व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला.