चटईखालचा साबण

“मी नाही घेतला जी बाई, मले घरी नोका धाडू,” असं म्हणत, रडत सुमित्रा आमच्या मिशनच्या बोर्डिंगमधून गेली. साबण वाटायची पाळी तिची होती. हरवलेला साबण मी माझ्या चटईखाली मातीत पुरला होता.

त्याच रविवारी चर्चमध्ये पाळकांनी बायबलच्या जुन्या करारातल्या, तंबूत लूट पुरणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. त्याला सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं. मी डोळे मिटून फक्त देवाला सांगितलं आणि रडले.

“पोरीचं मन किती कवळं!” बाई म्हणाल्या. मी डोळे पुसले.

आज नातीने तसाच लाल साबण आणला, त्या वासाने साठ सालचं सगळं वर आलं. पुढे मी चौथी पास झाले. सुमित्रा दुसरीतूनच तिच्या गावच्या, झरीच्या रानात मोळ्या वाहायला लागली. तिला मी अजून सांगितलेलं नाही. आम्ही दोघीही जिवंत आहोत.