सासऱ्यांचा खासगी पाऊस

मुलीचं लग्न ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ लागायच्या आत करायचं ठरलं, तेव्हा पाहुण्यांनी भरलेल्या ओटीवर उभी राहून मी जाहीर केलं, "लग्नाच्या जेवणाला बटाटा आपल्या वाडीतला."

आमच्या भुईगावात भाजी, केळी, फुलं होतात. बटाटा कोणी लावत नाही. नणंद म्हणाली, "वहिनी, वेफर्सचं एकेक पाकीट वाटलंस तरी आम्ही जेवलो म्हणू." झालं. आता माघार नव्हती.

बटाट्याचा वैरी करपा. पानावर काळपट डाग दिसेपर्यंत तो आत मुक्कामाला आलेला असतो. म्हणून मी मोबाइलवर करप्याचा अंदाज देणारं अ‍ॅप घेतलं. गावातला पाऊस, दव, हवेतला ओलावा पाहून ते रंग दाखवायचं: हिरवा म्हणजे निवांत, लाल म्हणजे फवारणी. रोज सकाळी अंगणात उभी राहून मी तो रंग घरादाराला ऐकवायचे, चर्चमध्ये वाचन करतात त्या आवाजात.

रंग हिरवाच होता, आणि एका सकाळी कोपऱ्यातल्या रोपांवर डाग.

"तुझं हिरवं करपलं," नवरा म्हणाला.

चुकतंय काय ते बघायला मी संध्याकाळी बांधावर जाऊन बसले. सासरे आले, बावखलात डबा बुडवला आणि त्या तळ्याचं पाणी असं भिरकावलं की पंख्यासारखं उघडून सगळ्या वाफ्यावर पसरलं. देखणं काम! आमच्याकडे भाजीला पाणी असंच घालतात: सांजेला, वरून, पानं धुऊन. आणि मला उमगलं. आमच्या वाडीत रोज पाऊस पडत होता. अ‍ॅपला फक्त आभाळातला ठाऊक होता. पानं रात्रभर ओली राहत होती, आणि करप्याला तेवढंच हवं असतं.

"बाबा, उद्यापासून पाणी सकाळी. आणि मुळाशी."

"बाय, माझं पाणी पडलं की पानं हसतात."

"हसतात नि मरतात."

"तुझ्या मोबाइलने कधी वाडी शिंपलीय?"

"नाही. पण नातीच्या लग्नात बाजारचा बटाटा वाढला, तर लोक मोबाइलला नाही हसणार."

ते डबा उचलून घराकडे निघाले. सकाळी पाहते, तर मुळाशी पाणी जायला कुदळीने सऱ्या पाडत होते, दोरी धरून आखल्यासारख्या सरळ.

डागाळलेली रोपं आम्ही उपटून जाळली. पुढे धुक्याचे दिवस आले, रंग लाल झाला, आणि एकही नवा डाग दिसायच्या आत मी मोरचूद-चुन्याचं पाणी फवारून मोकळी झाले. शेजारच्या टोमॅटोची पानं काळी पडली. आमचा बटाटा उभा. हल्ली सासरेच कुंपणावरून शेजाऱ्याला विचारतात, "आज रंग कुठला, बघितलास का?"

लग्नाच्या जेवणात नणंदेने बटाट्याचा रस्सा पुन्हा मागितला. वाढायला मी स्वतः गेले, जरीची साडी सावरत. भांडं चांगलंच जड होतं. कुणाला हात लावू दिला नाही.