सुऱ्याची दाढ

माझा भाऊ दाढ दुखून मेला. हसायचं असंल त आत्ताच हसून घ्या.

आज वर्ष झालं सुऱ्याले. वणीच्या खाणीतून कोळशाचा ट्रक चालवे तो. सकाळपासून नातेवाईक त्याचा फोटो स्टेटसले टाकून राह्यले.

टाका. पण आधी हे वाचा.

सोमवारी दाढ ठणकली. संगतीचे ड्रायव्हर म्हणे, खर्रा त्याच बाजूनं दाबून ठेव, बधिर होते.

ज्या तंबाखू-सुपारीनं तोंडाचं वाटोळं केलं, तेच औषध. वा रे डॉक्टर लोकं.

दुसऱ्या दिवशी गाल सुजला. काकूनं गरम फडक्यानं शेकलं. मेडिकलवाल्यानं तोंड न पाहता गोळ्या दिल्या.

बुधवारी सूज जबड्याखालून गळ्यावर उतरली. टणक. अंगात ताप. तोंड इतकं आखडलं की बोट जाईना.

दुसरीकडं लोकं घाबरले असते. आमच्याकडं घरोघरी एक माणूस असा आहे, ज्याचं तोंड खर्र्यानं उघडत नाही.

म्हणून काका म्हणाले, "खर्रा खाणाऱ्याचं तोंड असंच राह्यते. यात काय नवीन?"

काका, खर्र्यानं तोंड बंद व्हायले वर्षं लागतात. याचं तीन दिवसांत झालं.

लाळ गिळता येईना, म्हणून हातात टॉवेल धरून बसला होता. आडवं पडलं की दम लागे. तरी घरात एकच गोष्ट, दाढेसाठी कोणी भरती होते का? शनिवारी दाताच्या डॉक्टरकडं नेऊ.

शनिवार आलाच नाही. गुरुवारी दुपारी यवतमाळच्या रस्त्यावर, गाडीतच त्याचा श्वास थांबला.

डॉक्टर म्हणाले, दाढेचं इन्फेक्शन गळ्यात उतरलं, श्वासाची वाट बंद झाली. काल आणायचं होतं.

तर नीट ऐका. दाढ दुखून सूज गळ्याकडं आली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर शेकू नका. अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. मोठ्या दवाखान्यात न्या, त्याच घडीले. श्वास अडकत असंल त रुग्णवाहिका बोलवा.

आता माझं.

बुधवारी सुऱ्याचा मले फोन आलता. मी नेर गावाले ऑफिसात होती. आवाज जड, शब्द अर्धे. म्हणे, "ताई, पाणी बी उतरून नाही राह्यलं."

मी म्हटलं, "दिवसाढवळ्या पिऊन फोन करतं का रे? शरम वाटू दे."

अन् कट केला.

त्यानं परत लावला नाही.

सुऱ्या, तू प्यायला नव्हता रे बाबू.

जाय आता. तुह्या ताईचा शेवटचा नमस्कार.