फॉइलमधली बट

मागच्या मंगळवारी वर्ध्याच्या एका पार्लरमध्ये माझा आवाज एवढा चढला की बाजूला फेशियल करत असलेली बाई तोंडावरच्या पॅकसकट उठून बसली... मला अजिबात लाज वाटत नाहीये, म्हणून लिहितेय.

माझी पुतणी साक्षी, आर्वीची. काल तिचं साक्षगंध झालं... म्हणजे तुमच्याकडचा साखरपुडा. मुलगा चांगला, घर चांगलं, सगळं जमलेलं. आणि ऐन वेळी मुलाच्या बहिणीचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. कुठलीशी मॉडेल, सोनेरी केस, आणि खाली लिहिलेलं... साक्षीचे असे करून घ्या, फोटोत छान दिसतील.

करून घ्या. आवडतील का, चालेल का, काही नाही... भिंतीचा रंग सांगावा तसा पोरीच्या डोक्याचा रंग सांगून मोकळी. माझं डोकं तिथेच फिरलं.

साक्षीचे केस कमरेपर्यंत, दाट, काळे. थोडा रंग तिलाही हवा होता, पण उन्हात दिसेल एवढाच, आणि ब्लीच अजिबात नको. हे ती आईला स्पष्ट बोलली होती. पण आई, म्हणजे माझ्या जाऊबाई, धास्तावलेल्या. "आत्तापासूनच नाई म्हटलं तर ते लोकं काय म्हणतीन? करून टाकू ना, केसच तर हायेत."

केसच तर आहेत... आज केस, उद्या नोकरी, परवा आणखी काही. पोरगी सासरी जायच्या आधीच मान डोलवायला शिकणार होती. म्हणून मी यष्टीत त्यांच्यासोबत चढले.

फोटो बघून पार्लरवाली म्हणाली, ब्लीचशिवाय हा रंग चढत नाही. बरोबर आहे, काळ्यावर सोनेरी कसा दिसणार? मी म्हटलं, मग सोनेरी नकोच, ब्लीच न करता बसेल तो साधा रंग लाव. ती हसली, तसं काही दिसत नसते म्हणाली, आणि वाटीत ब्लीचची पावडर कालवायला लागली. साक्षी आरशातून माझ्याकडे बघत होती, जाऊबाई फरशीकडे.

मी वाटीवर हात ठेवला. लावायचंच असेल तर आधी मागच्या एका बटेला लाव, बाकी डोक्याला हात लावायचा नाही. तिला राग आला... येऊ दे. आधी कधी कलर केला होता का, एवढं तिने जाता जाता विचारलं. मायलेकी दोघी नाही म्हणाल्या.

बटेला लावून वर फॉइल गुंडाळलं. थोड्या वेळात साक्षी म्हणाली, "काकू, गरम लागून राह्यलं." फॉइल सोडलं तर बट त्याच्यासोबतच हातात आली... रबरासारखी ताणून तुटलेली.

मग कळलं. दहावीत साक्षीला पांढरे केस दिसले, तेव्हापासून जाऊबाई तिला दुकानातल्या पुडीतली काळी मेंदी लावून देतात. आमच्याकडे मेंदीला कोणी रंग म्हणतच नाही... मेंदी म्हणजे पाला, त्यात काय सांगायचं? त्या पुडीत पाल्यासोबत ब्लीचशी वाकडं असलेलं आणखी काय काय घालतात, ते आम्ही कधी बघितलंच नाही.

इथे माझा आवाज चढला. जाऊबाईंवर चढला, आणि पार्लरवालीवर दुप्पट. आम्हाला कळत नाही, पण तुझं तर रोजचं काम आहे ना बाई... मेंदी लावता का, एवढं विचारायला काय जात होतं? अख्ख्या डोक्याला लावलं असतं तर पोरगी स्कार्फ बांधून साक्षगंधाला बसली असती.

ती बट मी फॉइलसकट पर्समध्ये टाकली. त्या बहिणीच्या हातावर ठेवायची होती मला, चार लोकांत.

घरी आल्यावर शेजारच्यांच्या मेंदीच्या झाडाचा पाला आणला, वाटला, आणि चहाच्या पाण्यात लोखंडी कढईत रात्रभर भिजवला. दुसऱ्या दिवशी तो लावला, वाळल्यावर साक्षीने केस धुतले. सावलीत काळे, उन्हात तांबूस... असाच पाहिजे होता म्हणाली, आणि आरसा घेऊन अंगणातच बसली.

काल तयारीच्या खोलीत ती बहीण आली. नागपूरला दिलेली, केस सोनेरी, वर क्लिप लावलेली. साक्षीकडे बघून पहिलं वाक्य... "रंग नाई केला?" माझा हात पर्समध्ये गेलाच होता.

साक्षीने तो धरला. फॉइल माझ्याकडून घेतलं आणि स्वतःच उघडून तिच्यासमोर धरलं. "ताई, फोटोतल्या रंगाच्या नादात हे झालं. मी नाई म्हटलं बाकीच्या केसाले. आता पुढं काही करायचं असलं तर मले पहिले विचारत जा." आवाज हळू होता, पण फॉइल तिने खाली घेतलं नाही. जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक.

मी भांडणाच्या तयारीत उभी होते. बहिणीने क्लिप काढली, मागचे केस उचलून आम्हाला दाखवले. खाली सगळे तुटलेले, बोटभर खुंट.

"माह्या लग्नात केलते," ती म्हणाली. "सासूले पाह्यजे होते असे. मले कोणी थांबवलंच नाई."

मग तिने क्लिप लावली, साक्षीच्या मागे बसली, आणि बट गेलेली जागा झाकेल असा गजरा तिच्या केसांत माळला.

माझा राग उतरलेला नाही, पण त्या बहिणीवर आता नाही. साक्षी, तुझे आभार... मी बोलले असते तर ती रडत खोलीबाहेर गेली असती.

निघताना ती बहीण माझ्याजवळ आली, साक्षीने तिला कढईचं सांगितलेलं. तुमच्या कढईतली ती मेंदी माह्या केसांना चालन का काकू, म्हणून विचारत होती. मी म्हटलं ये, आधी एका बटेला लावून बघू.