सर्व्हरसाठी आलेले बाइंडर

कागदांचा गठ्ठा दिसला की पुस्तकं बांधणाऱ्या आबांचा अंगठा आपोआप त्याच्या कडेवरून फिरायचा. लग्नपत्रिका असोत, नाहीतर ताटातल्या पोळ्यांची चळत. "पानं मोजली का?" हा प्रश्न ठरलेला. पोळ्यांच्या बाबतीतही.

पुस्तकं बांधणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण सर्व्हर बिघडला म्हणून बोलावलेला बाइंडर मी तरी एकच पाहिला.

जळगावात केळी उत्पादकांच्या एका संस्थेत मी कॉम्प्युटरच्या कामाला नवाच लागलो होतो. वादळवाऱ्याची सूचना देणारं संस्थेचं अॅप सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत उघडतच नव्हतं. तिथले फोन जुने. तसे फोन तपासायला आणायचे कुठून? म्हणून मी ठरवलं, सर्व्हरच्या पोटातच जुन्या पद्धतीचे बारा अँड्रॉइड फोन उभे करायचे. पडद्यावर दिसणारे, हातात न येणारे. प्रत्येकाला आपली बंदिस्त जागा, तिला कंटेनर म्हणतात.

आमच्या सचिवांनी, म्हणजे नानांनी, 'कंटेनर' एवढंच ऐकलं आणि आवारातल्या मोटारसायकली हलवून जागा करून ठेवली.

"सोमवारी संचालक येतील," ते म्हणाले. "बारा फोन दिसले नाहीत तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

नानांचा विश्वास फक्त कागदावर. त्यामुळे फोन उभे करायची सगळी कृती मला छापून घ्यावी लागली होती. शुक्रवारी ती पुढ्यात घेऊन बसलो, पण एकही फोन उठेना. पडद्यावर एकच तक्रार : बाइंडर सापडत नाही. अँड्रॉइडमधली अॅपं एकमेकांना निरोप देतात ते या बाइंडर नावाच्या भागातून. तो सर्व्हरमध्ये आधी सुरू करावा लागतो, पण कसा, ते कागदात कुठेच दिसेना.

"बाइंडर नाही, म्हणून सगळं अडलंय!" मी वैतागून ओरडलो.

"एवढंच ना?" नाना म्हणाले आणि त्यांनी नशिराबादला आबांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला.

दोन तासांनी दारात आबा उभे. काखेत पिशवी, पिशवीत सुया, दोरा, खळीचा डबा. मी हात जोडून घोटाळा समजावला. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"माले बलायेल शे," ते म्हणाले. "काम करीसनीच जासू."

मग सर्व्हरशेजारी फरशीवर मांडी घालून त्यांनी विचारलं, "तुमचा बाइंडर करतो काय?"

"सगळ्यांना एकमेकांशी जोडून ठेवतो."

"मग आमचंच काम शे."

त्यांना काहीतरी हातात द्यायचं म्हणून मी ते छापील कागद दिले. अंगठा कडेवरून फिरला, थांबला.

"पानं मोजली का?"

"सगळी छापलीत, आबा."

"आठनंतर धा शे."

नववं पान आम्ही तिघांनी शोधलं. नानांच्या टेबलाच्या पायाखाली सापडलं, चार घड्या घातलेलं. "टेबल डुगडुगत होतं," नाना ताठ मानेनं म्हणाले. पान उलगडलं, तर बाइंडर सुरू करायची ओळ त्यावरच! ती टाइप केली. पहिला फोन उठला, दुसरा उठला, बघता बघता बारा.

"बघा," नाना म्हणाले, "माणूस बरोबर आणला होता की नाही?"



आबा पडद्यावर वाकले. "यामा मना कोणता शे?"

त्यांच्याकडे स्वतःचा असा फोन नव्हता. मी म्हटलं, "सात नंबर."

सोमवारी अॅपचा दोषही सापडला. उघडताच अध्यक्षांचा हार घातलेला भला मोठा फोटो यायचा, तो उघडतानाच जुने फोन दमायचे. फोटो गेला, माझी नोकरी राहिली.

त्यानंतर आबा दर गुरुवारी बसनं यायचे, आपला फोन बघायला. चपला बाहेर काढून बसायचे. त्यावर कुणाचा फोन येणार नाही, हे मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "बरं शे." एकदा अॅपला सात नंबरच्या जागेचा पत्ता लागेना, त्यानं आबांना थेट समुद्रात टाकलं आणि उंच लाटांचा इशारा दिला. आबांनी तो दोनदा वाचला. "नाना, नशिराबादले समुद्र कधी आला?" नानांनी खिडकीतून बाहेर पाहून घेतलं.

पुढे आबांची नजर गेली आणि ते धुळ्याला लेकीकडे राहायला गेले. संचालक बदलले, अॅप बंद झालं, सर्व्हर भंगारात गेला. वर्षभरानं मी धुळ्याला त्यांना भेटलो. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

"बारा बठ्ठा चालू शेतस ना?"

"सगळे चालू आहेत, आबा."

"आणि मना?"

"तोही."

त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि लेकीला हाक मारली, "याले चहा ठेव. बारा लेकरं सांभाळस हाऊ!"

मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. निघताना लेक दारापर्यंत आली. आत एकदा वळून बघून तिनं हळूच विचारलं, "भाऊ, खरंच बारा?"

आतून आबांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "हो."